मी फडकं उचललं

आमच्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका निघते आहे. तीत 'भव्य नाताळची परंपरा' या मथळ्याखाली मी दोन पानं लिहावीत असं पंचकमिटीनं ठरवलं, कारण ही परंपरा मी सुरू केली असं सगळे मानतात. नाताळच्या दिवशी मांडवात शाल देऊन माझा सत्कारही व्हायचा होता. सेक्रेटरी माझ्या नातवाच्या वयाचा आहे. तो घरी आला, सलाम केला आणि म्हणाला, "आजोबा, गोड गोड लिहा. मागच्या पानावर जाहिरात हाय साहेबांची."

गोड लिहावं असं माझ्याजवळ काही नाही. जे आहे ते पुढं लिहितो.

आधी यंदाचं सांगतो. देवळाच्या फाटकावर भलामोठा बॅनर लागला आहे. आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो. बॅनरवर एका पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो, त्याच्या बापाचा फोटो, वर नेत्यांचे गोल फोटो, बाजूला शुभेच्छुक पोरांच्या रांगा, आणि खाली कोपऱ्यात, मोबाईलच्या दुकानाच्या जाहिरातीला चिकटून, गव्हाणीतलं बाळ. बांधायची दोरी नेमकी बाळाच्या तोंडावरून गेली आहे. मी दोघातिघांना दाखवलं. ते म्हणाले, "राहू द्या हो, चार दिवसांचा तर प्रश्न हाय." मुलांना लाल टोप्या वाटल्या, त्यांच्यावर दुचाकीच्या शोरूमचं नाव. सांताक्लॉज केजहून जीपनं येणार आणि जेवणाआधी कर्जावर फ्रीज कसा मिळतो ते सांगणार. मला इतका संताप येतो की काठी घेऊन तो बॅनर फाडावासा वाटतो. पण फाडायचा अधिकार माझा नाही. याची सुरुवात माझ्या हातानं झाली.

माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी होती. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा. तिनंच मला न्हाऊ-माखू घातलं, शाळेत घातलं. तिचा नवरा लग्नानंतर पाच वर्षांत वारला. ती लहान मुलीला घेऊन माहेरी आली आणि मिशनच्या बोर्डिंगात मुलांचं जेवण रांधायला लागली. नाताळचं प्रीतिभोजनही तिच्याकडेच होतं.

ते कसं व्हायचं ते आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवतो. नाताळच्या आधी अक्का आणि दोन बायका एक मोठी दुरडी घेऊन घरोघर जायच्या. दुरडीच्या तोंडाला जाड फडकं बांधलेलं, एका बाजूला हात जाईल एवढी फट. घरातली बाई मूठ मिटून हात आत घालायची आणि मोकळा हात बाहेर काढायची. कुणी ज्वारी टाकायचं, कुणी तूर, कुणी मूग. काय टाकलं, किती टाकलं, हे कुणी बघायचं नाही, विचारायचंही नाही. ज्या घरात टाकायला काही नाही, त्या घरची बाईही मूठ मिटूनच हात घालायची. अक्का प्रत्येकीला एकच म्हणायची, "पोचलं गं बाई." पुढं ती दुरडी रविवारच्या उपासनेत वेदीसमोर ठेवायची, झाकलेलीच. मग घरी नेऊन, दार लावून, अक्का एकटी फडकं सोडायची. नाताळच्या दिवशी सगळं एका पातेल्यात शिजायचं आणि जो येईल तो जेवायचा. बौद्धवस्तीतली माणसं यायची, गावचा मुसलमान शिंपी यायचा, रस्त्यानं चाललेला मेंढपाळ बसायचा. विकत आणलेलं असं त्यात फक्त मीठ असायचं.

बहात्तरच्या दुष्काळात मी चोवीस वर्षांचा होतो. तालुक्याच्या गावी एका सहकारी ग्राहक भांडारात कापडाच्या काउंटरवर हंगामी कामाला होतो. गावची सगळी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मी सावलीत उभा राहून मीटरपट्टी हलवत होतो, याचा मला अभिमान होता. दिवाळीला भांडारानं मोठा माल भरला आणि दिवाळीला कुणी फिरकलं नाही. चिटाचे तागे, वनस्पती तुपाचे डबे, कागदी आकाशकंदील, सगळं तसंच पडून.

भांडाराच्या चेअरमननं मला बोलावलं. सदस्यांचं भलं करण्यासाठी निघालेली संस्था, पण तिथं त्याच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे.

"काय बे, तुमचा सण कधी हाय?"

"पंचवीस तारखेला, साहेब."

"नवे कपडे घालता का न्हाई तुमी लोक?"

"घालतो की."

"मग हे तागे कावून झोपलेत? असं कर. जेवण मी देतो. मांडव, बुंदी, पुरी, लाउडस्पीकर, समदं. जे घर भांडारातून कापड उचलंल त्या घराला कूपन."

"आन् जे उचलणार न्हाई ते?"

"त्यानं आपल्या घरी जेवावं. मी कुणाचं तोंड शिवलंय का?" तो हसला. "उंबरे किती तुमचे?"

"साठ."

"साठच्या साठ आण. जानेवारीत तुला कायम करतो."

मी त्या दिवशी पळतच एसटी गाठली. दिवाळीचे उरलेले कंदील मी गठ्ठ्यातून वेगळे काढले आणि त्यांच्यावर स्वतःच्या हातानं 'नाताळचे तारे' अशी पाटी लावली. ही कल्पना चेअरमनची नव्हती. माझी होती.

पण अक्कानं आधीच बायका जमवल्या होत्या. यंदाच्या नाताळाला दुकानातून काहीच आणायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. कापड नाही, बांगड्या नाहीत, कंदील नाहीत. गेल्या वर्षीचं लुगडं धुऊन घालायचं, दुरडीतलं खायचं आणि गायचं. कामावरच्या पगारातनं धान्य घ्यायचं. घरोघरचे पुरुष वरून कुरकुरले, आतून त्यांचा जीव भांड्यात पडला. साठ उंबऱ्यांत सगळ्यांना मान वर करून सण करता येईल अशी ती एकच वाट होती, आणि ती माझ्या आड आली.

मी घरी तिच्याशी भांडलो. ती चुलीपुढे बसली होती.

"अक्का, हे मागं घे."

"कावून?"

"माझी नोकरी हाय यात."

"नोकरी तुझी हाय. सण समद्यांचा हाय."

"तू निस्ती गप ऱ्हा. बाकीचं मी बघतो."

"मी कुठं बोलतीया. बायाच बोलल्या." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला कायम करायचं तर तुझं काम बघून करावं की त्यानं. आमच्या अंगावरचं लुगडं बघून कावून?"

ज्याला उत्तर सुचत नाही त्याला जसा राग येतो तसा मला आला, आणि तो मी रविवारपर्यंत सांभाळून ठेवला.

त्या रविवारी उपासना संपल्यावर बैठक झाली. दुरडी वेदीसमोर होती. सकाळीच बायका घरोघर फिरून आल्या होत्या. मी चेअरमनचा निरोप सांगितला. माणसं चुळबुळली. बुंदीचं नाव कित्येक महिन्यांत कुणी ऐकलं नव्हतं. तरी बायका हलेनात. एक पंच म्हणाला, "अक्का म्हणतीया दुरडीवर भागंल. खरंच भागंल का?"

मी उठलो. "भागतंय का न्हाई, बघू की."

आणि दोनशे माणसांसमोर मी दुरडीवरचं फडकं उचललं.

आत सरकारी वाटपातली लाल ज्वारी होती, थोडी. कामावर मुलांना मिळायची ती सुकडी होती, दोनचार मुठी. चिमूटभर तूर. आणि बाकी खडी. गाव फोडत होतं तीच, बारीक, निळसर काळी. जवळजवळ निम्मी दुरडी खडीनं भरली होती.

रिकामी मूठ आत सोडली की आवाज होत नाही. खड्यांचा होतो, दाण्यांसारखाच. दारात उभ्या शेजारणीला तो ऐकू जातो. बायकांनी कामावरून येताना ओच्यात खडे आणले होते, ते यासाठी.

तो पंच मोठ्यानं म्हणाला, "आरं, ही तर रस्त्याची खडी हाय. कामावरच्या गुत्तेदाराला बोलवा, हिशेबात कमी पडंल त्याला." लोक हसले. आधी पुढचे, मग मागचे. मीही हसलो. एक तरुण बाई कडेवरचं मूल सावरत उठली आणि मान खाली घालून बाहेर गेली. ती उठली नसती तर बरं झालं असतं, कारण मग सगळे तिच्याचकडे बघायला लागले.

अक्का पुढं आली. ओरडली नाही. म्हणाली, "खडे दरसाली असत्यात. कमी-जास्त. मी निवडून टाकते. तू तीन वर्सांचा व्हतास तवापसून तुला हेच रांधून घातलंय." तिनं फडकं पुन्हा बांधलं आणि दुरडी डोक्यावर घेऊन ती गेली.

त्यानंतर कुणाला विरोध करायचं तोंड राहिलं नाही. सगळ्यांत आधी भांडारात कोण आलं असेल? ज्यांनी खडे टाकले होते त्याच बायका. आम्ही तसल्या नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. खडी फोडून हाताला फोड आलेल्या, त्या हातांनी त्यांनी चिटाचा पोत बघितला, मी मीटरपट्टी लावली, कात्री चालवली, वर कूपन दिलं. त्यांनी घरात काय कमी करून ते कापड नेलं हे मला कळत होतं. मी न कळल्यासारखं केलं.

नाताळच्या दिवशी मांडवाच्या तोंडाशी कूपनं तपासायला मीच उभा होतो. मांडवात पाण्याचे ड्रम भरून ठेवले होते. पलीकडे वस्तीवरच्या बायका झिऱ्यातलं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरत होत्या. लाउडस्पीकरवरून कुणी किती कापड उचललं त्यांची नावं वाचली जात होती. ज्या सणात कुणी काय दिलं हे कधी कुणाला कळू दिलं नव्हतं, त्या सणात कुणी काय विकत घेतलं याचा पुकारा चालला होता. बौद्धवस्तीतली माणसं दरवर्षीसारखी धुतलेले कपडे घालून आली. त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला मी कूपन विचारलं.

"कूपन?" तो म्हणाला. "नाताळाला?"

"यंदापसून हाय."

"बरं हाय मग," असं म्हणून तो वळला. पुन्हा कधीही आमच्या नाताळाला ते आले नाहीत. आजही येत नाहीत. आमची तरुण माणसं त्यांनाच नावं ठेवतात की ते मिसळत नाहीत.

कूपन नसलेल्या सगळ्यांना अक्का आपल्या घरी घेऊन गेली. खडे निवडून उरलेल्या धान्याच्या कण्या तिनं केल्या होत्या. किती जणांना पुरल्या असतील कोण जाणे.

आता खरं सांगायचं ते इथून पुढं आहे. इथपर्यंतचं माझं तरुणपणचं आणि पोटासाठीचं होतं, असं म्हणून कुणी मला सोडून देईल. पुढचं तसं नाही.

माझं अक्षर चांगलं, म्हणून पंचकमिटीचं रजिस्टर मी लिहायचो. नाताळनंतरच्या बैठकीत अक्काचा विषय निघाला. पंच एवढंच म्हणाले की तिनं असं वेगळं करायला नको होतं. मी घरी येऊन लिहिलं: 'सदर भगिनीने मंडळीत फूट पाडून वेगळा भोजनविधी केला. सबब तिचे नाव प्रभुभोजनाच्या यादीतून कमी करण्यात येत आहे.' असा ठराव झालाच नव्हता. सह्या करणाऱ्यांनी वाचलं नाही. पाळकसाहेब पंधरा दिवसांनी यायचे, त्यांनी लिहिलेलं मानलं. मी का लिहिलं? भाकर आणि द्राक्षारस घ्यायला ती दर वेळी पुढं येणार आणि माझ्याकडे बघणार, हे मला नको होतं. दुसरं कारण नाही.

जानेवारीत मी कायम झालो.

अक्का दर रविवारी देवळात येत राहिली. दाराशी शेवटच्या चटईवर बसायची. प्रभुभोजनाचं ताट तिच्यापाशी थांबत नसे. पाळक बदलले, नवा आला की विचारायचा, कुणीतरी रजिस्टर दाखवायचं. गावात बोललं जायचं की ती फार ताठ, भावाचं बरं झालेलं तिला बघवलं नाही, तिनं मंडळी सोडली. मी ते ऐकायचो. कधी मान हलवायचो. तिनं मंडळी सोडली नव्हती. मी तिला बाहेर काढलं होतं. ती मला रस्त्यात भेटली की विचारायची, "जेवलास का?" तेवढंच.

पुढं बारा-तेरा वर्षांनी ती आजारी पडली. शेवटी तिनं प्रभुभोजन मागितलं. पाळकसाहेब म्हणाले, पंचांची परवानगी लागेल. पंच माझ्याकडे आले, कारण तोवर मी मोठा माणूस झालो होतो. त्यांनी विचारलं, काय करायचं. मला एक वाक्य बोलायचं होतं: ते खोटं आहे, मी लिहिलंय. मी म्हणालो, "रजिस्टर बघा."

त्यांनी रजिस्टर बघितलं. अक्का तशीच गेली.

हे सगळं लिहून मी स्मरणिकेला दिलं. सेक्रेटरी तिसऱ्या दिवशी कागद परत घेऊन आला. "आजोबा, हे न्हाई छापता येत. मागचं पान चेअरमनसाहेबांचे नातूच देत्यात."

"मग मागचं पान नको घेऊ."

"रंगीत छपाई हाय, आजोबा." आणि मग हळूच, "इतक्या जुन्या गोष्टी कशाला उकरता? झालं ते झालं. सत्काराला तेवढं या."

माझं नाव सत्कारातून काढ असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की पत्रिका छापून झाल्या आहेत. यांना पत्रिका छापून झाली की माणसाची इच्छाही छापून होते असं वाटतं.

मग मी कागद घेऊन चौसाळ्याला गेलो, भाचीकडे. अक्काची ती एकुलती मुलगी, आता पासष्टीला आली. आमचं जाणं-येणं फक्त लग्न-मयतापुरतं. ती तूर निवडत बसली होती. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. पानं उलटताना तिनं एकदाही वर बघितलं नाही.

"मामा," ती म्हणाली, "मी व्हते तिथं. तेरा वर्सांची. तुमी हसले व्हते. ते यात न्हाई."

तेव्हा ते नव्हतं. आता वर घातलं आहे.

"आन् हे घेऊन मी काय करू?"

"तुला खरं कळावं म्हणून—"

"मला कवाच म्हाईत हाय. आईनंच सांगितलंतं." तिनं कागद माझ्या हातात परत दिले. "ते रजिस्टरात तुमच्या अक्षरात हाय ना अजून?"

"हाय."

"मग मला कावून वाचायला देता?"

मी त्याच दिवशी परत फिरलो. दुसऱ्या दिवशी देवळाच्या ऑफिसात गेलो. सेक्रेटरी मांडववाल्याशी फोनवर बोलत होता. मी कपाट उघडायला लावलं. ते जुनं रजिस्टर खालच्या फळीवर होतं. पान सापडायला वेळ लागला. अक्षर खरोखरच सुंदर होतं, त्याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. वाक्य मी खोडलं नाही. खोडलं असतं तर मी काय केलं होतं तेही पुसलं गेलं असतं. खाली मोकळ्या जागेत लिहिलं: 'वरील ठराव झाला नव्हता. मजकूर खोटा आहे. तो मी माझ्या बहिणीविरुद्ध माझ्या फायद्यासाठी लिहिला. तिचे नाव यादीत होते आणि आहे.' सही केली. या वयात ओळ वाकडी गेली.

सेक्रेटरी धावत आला. "आजोबा, असं न्हाई लिहिता येत. ठराव लागतो."

"मग करा ठराव."

"नाताळ झाल्यावर बैठकीत घेऊ. आता कुणाला टाइम हाय?"

"वाच आधी."

"वाचतो नंतर."

"आत्ता वाच. मोठ्यानं."

तो मोबाईल हातात धरून उभा राहिला. बाहेर मांडववाला हाका मारत होता. मी पानावर हात ठेवला होता आणि काढत नव्हतो. शेवटी त्यानं वाचलं, घाईघाईत, शाळेतल्या पोरासारखं. 'फायद्यासाठी'पाशी तो थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मग शेवटची ओळ वाचली.

"पुन्हा वाच," मी म्हणालो. "यादीत कोण हाय ते नावानं वाच."

त्यानं वरच्या जुन्या नोंदीतून अक्काचं नाव शोधलं आणि वाचलं.